न दुखणारी दाढ

गार्गी लोकेला दातांच्या डॉक्टरची भीती कधी वाटलीच नाही. तिच्या लेखी दातांचा डॉक्टर म्हणजे तिचा दादा. डॉ. निनाद लोके तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. देवगडच्या खाडीत तिच्या पोटाखाली हात धरून तिला पोहायला शिकवलं ते त्यानेच. पुढे तिने डायव्हर व्हायचं ठरवलं, तेव्हा काका-मामा एका सुरात नाही म्हणाले. दादा एकटाच म्हणाला, "जाऊ दे तिला. पाण्याची भीती मीच घालवलीय तिची. आता मीच कसा अडवू?"

देवगडपासून आत, जिथून किनारा नुसता करड्या रेघेसारखा दिसतो, तिथे समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याला आता बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या खांबांना पाण्याखाली कालवं चिकटतात, जोड गंजतात, केबलचं वेष्टन सुटतं. बरंचसं काम यंत्रं करत. पण जिथे यंत्राचा हात वळत नसे तिथे माणूस उतरायचा. गार्गी आणि तिचा जोडीदार सिल्वेस्टर रॉड्रिग्ज ही त्यातली जुनी जोडी. पाण्याखाली दोघांच्या मुखवट्यांत बोलण्याची सोय असे, आणि सिल्वेस्टर तीस मीटर खोलीवरही जेवणाच्याच गोष्टी काढायचा.

त्या वर्षी मोसमाच्या शेवटी गार्गीची खालची उजवी दाढ ठणकायला लागली. गार पाणी लागलं की कळ थेट कानात जायची. पावसाळ्यासाठी समुद्रातलं काम बंद झालं तशी ती कणकवलीला दादाकडे गेली. खाली दवाखाना, वर घर.

दादाने कीड कोरायला घेतली. बराच वेळ यंत्राची बारीक शिट्टी चालू होती. मग ती थांबली.

"नस उघडी पडली गो," तो म्हणाला.

समोरच्या पडद्यावर तिची दाढ मोठी करून दाखवलेली होती. पिवळट खड्ड्याच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका, आणि त्यातून हळूच वर येणारा रक्ताचा थेंब.

"म्हणजे रूट कॅनॉल?"

"ते पूर्वी. आता मी ही दाढ जिवंत ठेवणार."

दादाला शिकवायची हौस होती. आपण बाहेरून पाहतो ते दाताचं नुसतं कवच, तो सांगू लागला. आत एक कोठडी असते आणि तिच्यात मऊ गर असतो. रक्तवाहिन्या, नसा आणि काही मूळ पेशी, सगळं त्या गरात. कीड तिथवर पोचली की गर सुजतो. बोट सुजलं तर ते फुगतं, पण दाताच्या कोठडीच्या भिंती दगडासारख्या. सुजायला जागाच नाही. मग गर स्वतःच्याच सुजेने गुदमरून मरतो, आणि मरताना माणसाला भिंतीवर डोकं आपटायला लावतो. आधी वाचवला तर मात्र त्याच मूळ पेशी जागच्या जागी नवं कठीण आवरण घडवतात. जखमेवर खपली धरावी तसा डेंटिनचा एक पूल तयार होतो आणि उघडी पडलेली नस पुन्हा झाकली जाते.

"त्यासाठी दोन गोष्टी लागतात," दादा म्हणाला. "जखम स्वच्छ हवी आणि वर चांगला लेप हवा. स्वच्छतेला लेझर. न शिवता जंतू मारतो, रक्त थांबवतो. लेप पूर्वी साध्या सिमेंटचा असायचा. त्यातून कॅल्शियम सुटायचं, पेशी कामाला लागायच्या. पण पूल बांधला जाईपर्यंत पेशंटला ठणका सोसावा लागायचा. आता आम्ही नवा लेप केलाय."

आम्ही म्हणजे दादा आणि पुण्यातली एक कंपनी. चार वर्षं तो त्यांच्यासोबत काम करत होता. लेपाचं नाव शमन. लेझरचा दुसरा, मंद झोत पडला की त्या लेपातून एक रेणू सुटतो आणि वेदना वाहून नेणाऱ्या धाग्यांना जाऊन बिलगतो. ते धागे गप्प होतात. दादाच्या मते फायदा नुसता न दुखण्याचा नव्हता. दुखरे धागे आपणहून सूज वाढवणारी रसायनं सोडतात. ते गप्प झाले की सूज ओसरते, गराला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

"लावू?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? तुला योग्य वाटेल ते कर."

तोंडात निळसर उजेड पडला. कसलाही आवाज नाही, कापणं नाही. थोडा जळका वास, मग दाढेवर काहीतरी थंड बसल्यासारखं. पंधरा दिवस जिने तिला झोपू दिलं नव्हतं ती दाढ खुर्चीतून उठेपर्यंत चिडीचूप झाली होती. गार्गीने वर जाऊन वहिनीकडून बर्फाचा खडा मागितला, दाढेखाली धरला आणि हसायलाच लागली. काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"परत कधी दाखवायला येऊ?"

"कशाला?" दादा हात पुसत म्हणाला. "दुखलं तर ये."

*

दाढ दुखली नाही. समुद्र उघडल्यावर गार्गी पुन्हा कामावर रुजू झाली. दिवाळीला ती कणकवलीला आली तेव्हा दादाने फराळाच्या ताटावरून उठवून तिला खाली नेलं आणि हातातल्या छोट्या यंत्राने दाढेचा फोटो काढला. पडद्याकडे तो जरा वेळ पाहत राहिला. मग पडदा बंद केला.

"कसं आहे?"

"छान आहे."

त्याच दिवशी त्याने तिची एक चित्रफीत काढली. गार्गी कॅमेऱ्यासमोर म्हणाली, "माझी नस उघडी पडली होती. आज मी तीस मीटर खाली काम करते. दाढ आहे हेसुद्धा आठवत नाही." दादाने तिला ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं. मार्चमध्ये कोल्हापूरला आरोग्य खात्याच्या तज्ज्ञ समितीची बैठक होती. समितीने होकार दिला तर शमन फिरत्या दवाखान्यांतून राज्यभरच्या शाळांत जाणार होता. दादा फार खुशीत होता. त्याने स्वतःच्या हाताने तिला करंज्या बांधून दिल्या.

शिमगा जवळ आला होता. गार्गी आणि सिल्वेस्टर एका खांबाच्या तळाशी केबलचा जोड बदलत होते. काम लांबलं, पण सुरळीत झालं. दोघं दोरीला धरून सावकाश वर यायला लागले. सिल्वेस्टर सोलकढीबद्दल काहीतरी सांगत होता.

निम्म्या वाटेवर गार्गीच्या डोक्याच्या आत फट् असा आवाज झाला.

तिला वाटलं मुखवट्याची काच गेली. पण पाणी आत आलं नव्हतं. तोंडात मात्र वाळूसारखं, खड्यांसारखं काहीतरी पसरलं होतं. तिने श्वास घेतला आणि त्यातला एक खडा सरळ घशात गेला. खोकल्याची उबळ आली. काचेवर आतून शिंतोडे उडाले, हिरवट काळे. त्या खोलीवर रक्त लाल दिसत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी आपल्याच तोंडातून ते हिरवं काहीतरी बाहेर पडतंय हे पाहून तिचा धीर सुटला. तिने पाय झाडले आणि ती वर सुटली.

सिल्वेस्टरने तिचा पट्टा पकडला.

"गार्गी! वर नको! माझ्याकडे बघ."

तिला बोलता येत नव्हतं. श्वास आत जात नव्हता.

"खोक. जोरात खोक. मी सोडणार नाही तुला. श्वास कोंडून वर गेलीस तर फुप्फुसं फाटतील. बघ माझ्याकडे, गो."

तिने खोकून खोकून तो तुकडा बाहेर काढला. सिल्वेस्टर तिच्या पट्ट्यात मनगट अडकवून तिला हळूहळू वर घेऊन आला, आणि सारा वेळ तिच्याशी बोलत राहिला. बोटीवर मुखवटा निघाला तेव्हा तिच्या तळहातावर दाढेचे तुकडे पडले.

"फार दुखतंय काय?" सिल्वेस्टरने घाबरून विचारलं.

गार्गीने जिभेने ती जागा चाचपली. दाढ फुटून तिचा कंगोरा झाला होता. जीभ कापत होती.

"नाही," ती म्हणाली. "काहीच दुखत नाहीये."

*

तिला गोव्यातल्या एका इस्पितळात नेलं. जबड्याच्या शल्यचिकित्सक डॉ. लिझेट मस्करेन्हस यांनी फोटो पाहिला आणि खुर्ची ओढून तिच्या समोर बसल्या.

"ही दाढ मरून बरेच महिने झालेत," त्या म्हणाल्या. "लेपाच्या कडेला बारीक फट होती. तिच्यातून जंतू आत गेले, गर सडला. गर सडला की वायू होतो. त्यात तुम्ही खोल पाण्यात बराच वेळ दाबाखाली असता. तो दाबलेला वायूही त्याच फटीतून कोठडीत शिरतो. वर येताना दाब कमी होतो, वायू फुगतो. एवढ्याशा फटीतून इतक्या पटकन बाहेर कसा पडणार? शेवटी दाढच फुटली. पण मला वेगळंच नवल वाटतंय."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. दाढेच्या मुळाखाली जबड्याच्या हाडात लिंबाएवढी काळी पोकळी होती.

"हाड इतकं पोखरलं गेलं तर माणूस रडत येतो. तुम्हाला कळलं नाही?"

"नाही."

डॉक्टरांनी सुईचं टोक तिच्या हिरडीला लावलं. मग खाली, हनुवटीच्या उजव्या अंगाला. गार्गीला सुई दिसत होती, जाणवत नव्हती.

"लेपातलं काहीतरी मुळाच्या टोकातून खाली झिरपलंय," मस्करेन्हस म्हणाल्या. "नुसती दाढ नाही, इथलं सगळंच गप्प केलंय. हा लेप कोणी लावला?"

"माझ्या दादाने. फार मोठा डॉक्टर आहे तो. त्याची यात काही चूक नसणार. माझंच काहीतरी झालं असेल, मीच काहीतरी कडक चावलं असेल."

"मी तुमच्या भावाबद्दल काही बोलतच नाहीये. मी तुमच्या हाडाबद्दल बोलतेय. अजून थोडं गेलं असतं तर साधी जांभई देताना जबडा मोडला असता."

दादा दुपारी धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. गार्गीलाच त्याची कीव आली. "अरे, जिवंत आहे मी," ती म्हणाली. शस्त्रक्रिया झाली, हाड खरवडून साफ केलं, आणि दादा तिला कणकवलीला घरी घेऊन गेला.

*

केतकीवहिनी तिला पेज, वरणाचं पाणी, कुस्करलेली केळी असं काही काही भरवायची. तिची नऊ वर्षांची लेक चार्वी शाळेतून आली की आत्याच्या पलंगावर बसून राहायची. एका दुपारी तिने तोंड उघडून समोरच्या दातावर बोट ठेवलं.

"आत्या, माझीपण नस उघडी पडली होती. नाचाच्या तालमीत मी स्टेजवरून पडले ना, तेव्हा. अर्धा दात गेला. बाबांनी लेझर मारला."

"हो? मला कोणी सांगितलंच नाही. मग तुलापण काही दुखलं नसेल माझ्यासारखं."

"छे! किती दुखलं! गार पाणी पण पिता येत नव्हतं. मी रडत होते."

गार्गीचा चमचा वाटीतच थांबला. वहिनी दाराशी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वहिनी, हिला शमन नाही लावला?"

"मीही तेच म्हटलं गो," वहिनी सहज म्हणाली. "पोर इतकी कळवळतेय, तुमचा तो लेप लावा की. तर म्हणाले, हिला नको, हिला जुनाच बरा. दुखू दे थोडं. दुखलं म्हणजे मला कळेल, आत काय चाललंय ते."

वहिनीने पुढची घडी घातली. ती काय बोलून गेली हे तिला कळलंही नव्हतं. गार्गी मात्र वाटी खाली ठेवून भिंत धरत जिना उतरली.

दवाखान्यात पेशंट नव्हते. दादा बेसिनपाशी उभा होता.

"चार्वीला जुना लेप का लावलास?"

त्याने नळ बंद केला. "ती लहान आहे. तिच्या मुळांची वाढ अजून..."

"शाळांत ज्या मुलांना लावणार आहात ती काय म्हातारी आहेत?"

दादा टॉवेलला हात पुसू लागला.

"तुला माहीत होतं, दादा. हा लेप लावला की आत काय चाललंय ते कळत नाही, हे तुला माहीत होतं."

"थोड्या लोकांत तसं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "अगदी थोड्या. बाकीच्यांचा गर नीट जगतो. तू आश्रमशाळांत कधी गेलीयेस? मी गेलोय. आठवडाभर गाल भिंतीला लावून बसलेली पोरं मी पाहिलीत. डॉक्टर महिन्याने येतो, तोवर ते मूल तसंच बसतं. त्यांच्यासाठी केलं मी हे."

"मग मला का लावलास? मी कुठल्या आश्रमशाळेत होते?"

तो खुर्चीत बसला. पेशंटच्या खुर्चीत. तिच्याकडे न बघता म्हणाला, "लेप दाबाखाली टिकतो का, हा प्रश्न कंपनीचे लोक सारखा विचारत होते. खोल पाण्यात जाणारं कोणीतरी हवं होतं. आणि तू समोर होतीस, दाढ घेऊन."

"मला सांगायचंस. मी हो म्हटलं असतं. तू म्हणालास तर मी कशालाही हो म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," तो पुटपुटला. "तुझा विश्वास होता. मला वाटलं, निभेल."

गार्गीच्या मनात एकदम काहीतरी हललं. दिवाळी. ताटावरून उठवणं. पडद्याकडे पाहत राहिलेला दादा.

"दिवाळीत तू फोटो काढला होतास."

दादाने डोळे मिटले.

"काय दिसलं होतं त्यात?"

"सावली. मुळाच्या टोकाशी. मोहरीएवढी होती, गार्गी, शप्पथ. कधीकधी तेवढी आपोआप भरून येते. म्हटलं, मार्चची बैठक होऊ दे, मग लगेच आत शिरून साफ करू..."

"आणि मला पाण्यात जाऊ दिलंस."

"असं फुटेल असं मला स्वप्नातही..."

"'दुखलं तर ये' म्हणालास तू मला. तुला माहीत होतं, ती दुखणारच नाही."

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. दादाने चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि तो पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता, समजुतीचा.

"जे झालं ते झालं. तुझं सगळं मी बघेन, नवा दात बसवून देईन. फक्त बैठकीत ते तुझ्याबद्दल विचारतील. तू म्हण, पाण्यात खांबावर तोंड आपटलं. नाहीतर काहीच बोलू नकोस. समितीचा होकार मिळाला की लेपात सुधारणा करायला वेळ मिळेल मला. दोन वर्षांत मी हे दुरुस्त करतो."

गार्गी त्याच्याकडे पाहत राहिली. तो जे म्हणत होता ते त्याला खरोखर पटलेलं होतं, आणि तेच तिला जास्त भयंकर वाटलं. ती वर गेली, पिशवी भरली, आणि वहिनी "अगं, काय झालं?" म्हणत असताना देवगडची एसटी पकडायला निघाली. वाटेत तिला रडू आलं. अश्रू हनुवटीच्या उजव्या बाजूने कधी ओघळले ते तिला कळलं नाही. कॉलर भिजली तेव्हा समजलं.

*

कोल्हापूरच्या सभागृहात पहिल्या रांगेत चार पेशंट बसवले होते. सगळ्यांना शमन लावलेला, सगळे खूश. बैठकीनंतर त्यांचा सत्कार होता. दारासमोर नवा कोरा फिरता दवाखाना उभा होता, आत खुर्ची, लेझर, फोटो काढायचं यंत्र, सगळं झगझगीत. गार्गी आली आणि मागे बसली. दादाने तिला पाहिलं. त्याचा हात क्षणभर गळ्यातल्या टायकडे गेला. मग त्याने भाषण सुरू केलं, आणि ते उत्तम केलं.

चित्रफीत मात्र त्याने दाखवली नाही. समितीच्या अध्यक्षबाईंनीच विचारलं, "डॉक्टर, तुमच्या त्या डायव्हर पेशंटचं काय? अपघात झाल्याचं कानावर आलं."

"दुर्दैवी प्रकार आहे," दादा म्हणाला. "ती माझी बहीणच आहे. नियमित तपासणीला यायला सांगितलं होतं. ती आली नाही. पेशंटने सूचना पाळल्या नाहीत तर कुठलाच उपचार..."

गार्गीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. कणकवलीत त्याने जे कबूल केलं होतं ते ऐकूनही तिच्या मनाच्या एका कोपऱ्याने आशा धरली होती, की लोकांसमोर उभा राहिला की तो खरं बोलेल. ती उठली.

"मी गार्गी लोके. मला तपासणीला या असं कोणी सांगितलं नव्हतं."

सभागृहात कुजबुज झाली. दादा म्हणाला, "ती अजून आजारी आहे. औषधांमुळे तिला नीट आठवत नाही."

अध्यक्षबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमच्याकडे काही पुरावा आहे?"

दिवाळीतला फोटो दादाच्याच यंत्रात होता. दुसरा पुरावा कणकवलीत होता, नऊ वर्षांचा, दुपारी आत्याच्या पलंगावर येऊन बसणारा. चार्वीच्या दाताचं नाव काढलं असतं तर दादाला तिथेच खाली बसावं लागलं असतं. शब्द गार्गीच्या ओठांवर आला होता. पण मग त्या पोरीला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं, की तुझ्यामुळे बाबांचं वाटोळं झालं. गार्गीने तो शब्द गिळला.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "डॉक्टरांवरही नको. हे चौघं इथे बसलेत. बाहेर गाडीत फोटो काढायचं यंत्र आहे. त्यांना दुखतंय का ते विचारू नका. दुखत नाहीच म्हणतील, मीही तेच म्हणत होते. त्यांच्या दातांचे फोटो काढा."

कंपनीचा माणूस म्हणाला की हे कार्यक्रमात नाही. अध्यक्षबाई चष्मा लावून उठल्या. "मग कार्यक्रमात घ्या," त्या म्हणाल्या.

चौघं एकेक करून गाडीत गेले. पहिल्या बाईंची दाढ ठीक होती. सावली नाही, उलट डेंटिनचा पूल सुरेख बांधला गेला होता. दादाने दीर्घ श्वास सोडला. दुसराही ठीक. तिसरे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या फोटोत मुळाखाली काळा डाग होता, सुपारीएवढा.

"असं कसं?" ते हसत म्हणाले. "मला तर काहीच होत नाही. काल ऊस खाल्लाय मी!"

कोणीही हसलं नाही. चौथी एक तरुण मुलगी होती, येत्या महिन्यात लग्न असलेली. तिच्या जबड्याचा फोटो पडद्यावर आला तेव्हा समितीतल्या एका डॉक्टरांनी नकळत स्वतःच्या गालावर हात ठेवला.

अध्यक्षबाई गाडीच्या पायरीवरून दादाला म्हणाल्या, "डॉ. लोके, तुम्ही किती जणांना हा लावलाय? त्या सगळ्यांना आजच बोलवायला लागा."

दादा गार्गीकडे पाहत होता. त्याच्या नजरेत राग असता तर तिला सोपं गेलं असतं. तिथे नुसतं आश्चर्य होतं, जणू तिनेच त्याला फसवलं होतं.

*

योजना थांबली. शेकडो लोकांना बोलावून तपासलं गेलं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या दाढा आतून मेलेल्या निघाल्या. वेळेवर कळल्यामुळे जबडे वाचले. दादाला संशोधनातून काढलं. दवाखाना काही महिने बंद ठेवावा लागला. नातेवाईकांत दोन तट पडले. मामांनी फोन करून गार्गीला विचारलं, "घरातल्या घरात मिटवता आलं नसतं?" तिने फोन ठेवून दिला.

तिच्या हनुवटीत संवेदना परतली नाही. मस्करेन्हस म्हणाल्या, परतेल किंवा नाही परतणार. हाड मात्र चांगलं भरलं, आणि पावसाळा सरल्यावर त्यांनी तिला पुन्हा पाण्यात उतरायची परवानगी दिली.

मोसमाच्या पहिल्या सकाळी ती देवगडच्या धक्क्यावर सामान तपासत होती. सिल्वेस्टर बोटीत होता. वरच्या रस्त्यावर एक गाडी येऊन थांबली आणि चार्वी धावत खाली आली, मागून केतकीवहिनी. चार्वी उंच झाली होती. तिने आत्याला मिठी मारली आणि सांगितलं की तिला बोट बघायचीय. वहिनीने गार्गीच्या दंडावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मग गाडीचं दुसरं दार उघडलं. दादा उतरला.

तो वाळला होता. केस बरेच पांढरे झाले होते. धक्क्याच्या उतारावरून तो सावकाश खाली आला आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबला. त्याला खूप काही बोलायचं असावं. त्याची नजर तिच्या उजव्या गालावर गेली. तिथेच ती अडकली.

"हाड भरलं का नीट?" त्याने विचारलं. त्याचा हात आपसूक वर आला, अंगठा तिच्या हनुवटीच्या दिशेने, हजारो पेशंटच्या हनुवटीला लावला असेल तसा. "आ कर. बघू."

गार्गीला वाटलं, आपण तोंड उघडावं. एवढंच तर मागतोय तो. समोर उभा होता तो तिचा दादाच होता, दुसरा कोणी नव्हता. पण तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते, आणि ते उघडेनात. तिने ते जाणूनबुजून मिटलेले नव्हते. ती एक पाऊल मागे सरली.

"दाखवलंय मी," ती म्हणाली. "दुसऱ्या डॉक्टरांना."

दादाचा हात तसाच हवेत राहिला. मग त्याने तो खाली घेतला.

"सिल्वेस्टर, निघूया," गार्गी म्हणाली, आणि सिलिंडर उचलून बोटीत चढली.